डावीकडे मोकळं आहे

वास्तू तथास्तु म्हणत असते, हे मी माहेरी ऐकलं आणि संसारात पाळलं. घरात वाईट बोलायचं नाही. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या आमच्या घराच्या भिंती लाकडाच्या आहेत आणि खाली तळघर आहे, पण वास्तू ती वास्तूच. हे कधी "उद्या मला काही झालं तर" असं बोलायला लागले की मी हातातलं काम थांबवून म्हणायची, "शुभ बोला." हे हसायचे आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचे. लग्नाला तीस वर्षं झाली. अशी किती अर्धी वाक्यं आमच्या घरात पडून असतील, देव जाणे.

हे म्हणजे सुमंत. नाव घ्यायला हरकत नाही, उखाण्यात घेतच होते. गाड्यांच्या दारांची कुलुपं बनवणाऱ्या कंपनीत हे इंजिनिअर होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. कोणाच्याही गाडीत बसले की आधी दार दोनदा उघडून लावून बघायचे आणि आवाजावरून सांगायचे की हे नीट बसलेलं आहे की नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं त्यावरून यांची थट्टा करायची.

जर्मनीचं वेड यांना जुनं. पुण्यात नोकरीला असताना कंपनीनं यांना वर्षभरासाठी श्टुटगार्टला पाठवलं होतं आणि शेवटचे तीन महिने मीही गेले होते. शनिवार-रविवारचं स्वस्तातलं तिकीट मिळायचं. त्यावर जलद गाड्या चालायच्या नाहीत, नुसत्या प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या. आम्ही डब्यात थालीपीठं आणि पिशवीत मेतकूट घेऊन निघायचो, दही तेवढं तिथलं विकत घ्यायचो. उल्म, हायडलबर्ग, न्युर्नबर्ग असं सगळं आम्ही त्या रडतखडत चालणाऱ्या गाड्यांतून पाहिलं. मुक्काम विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात. तिथे बायका एका मजल्यावर आणि पुरुष दुसऱ्यावर. नव्या नवलाईचे दिवस संपले नव्हते अजून, आणि आम्ही सकाळी जिन्यात भेटून एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणायचो. स्टेशनांची नावं मी मोठ्यानं वाचायची आणि हे माझे उच्चार सुधारायचे. एक ड्रेस्डेन तेवढं राहिलं. मधली एक गाडी चुकली, आणि मग परत जायची तारीख आली.

यंदा मार्चमध्ये यांनी विषय काढला की पुन्हा जाऊ या, तसंच, स्वस्तात, लोकल गाड्यांनी. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. जूनमध्ये ईशानकडचं बाळंतपण होतं. ईशान आमचा मुलगा, तो आणि सून अंतरा तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतात. मी तिकडे सप्टेंबरपर्यंत राहणार होते. हे म्हणाले, "पुढच्या वर्षी मला कितपत..." मी म्हटलं, "शुभ बोला."

श्रूजबरीहून परत आले तेव्हा घर नीट होतं. देवघरात रोज दिवा लागलेला दिसत होता, पण समईखालच्या ताटात तेल सांडून चिकट झालं होतं. पुरुषमाणूस, म्हटलं. न्हाणीघरात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती. यांनी सांगितलं की कॉम्प्युटरसमोर बसून डोळे कोरडे होतात.

ऑक्टोबर लागला आणि यांनी जेवणाच्या टेबलावर ओहायो राज्याचा कागदी नकाशा पसरला. भिंग घेऊन त्यावर वाकून बसले. मग मला एकेक गाव दाखवायला लागले. लाइपझिग आहे, ब्रेमेन आहे, बर्लिन आहे आणि हे बघ, ड्रेस्डेन पण. दीडदोनशे वर्षांपूर्वी तिकडून आलेल्या लोकांनी वसवलेली ही लहान लहान गावं. हे खुशीत येऊन म्हणाले, "व्हिसा नको, विमान नको. दोन टाक्या पेट्रोलमध्ये अख्खी जर्मनी. याहून स्वस्त आणखी काय पाहिजे तुला?"

मी भात शिजवायचा छोटा कुकर, मेतकुटाची बाटली आणि देवांचा डबा घेतला. डब्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि जपमाळ. निघताना गाडीपुढे नारळ फोडला. नारळ चांगला निघाला.

पहिल्या दिवसापासून हे म्हणायला लागले, "वाच ना मोठ्यानं. तेव्हा वाचायचीस तसं."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. या वयात नवऱ्याला तसल्या गोष्टी आठवाव्यात. मी पाट्या वाचत गेले. गावांची नावं, फाट्यांचे आकडे, वेगाची मर्यादा, चर्चबाहेरची सुभाषितं, ताज्या अंड्यांची जाहिरात. स्टॉप आला की स्टॉप. सिग्नल असला तर हे विचारायचे, "कोणता आहे?" मी सांगायची, हिरवा. हे म्हणायचे, "जर्मनमध्ये सांग." मी सांगायची, ग्र्यून. आम्ही दोघं हसायचो. मधूनच, गाडी कडेला सरकली तर कळावं म्हणून रस्त्याकडेला कोरलेल्या खाचांच्या पट्टीवर चाक जाऊन घर्रर्र असा आवाज व्हायचा. हे म्हणायचे, टायरमधली हवा बघायला हवी.

लाइपझिगमध्ये धान्याची उंच कोठारं होती, रेल्वेचे रूळ होते आणि एक बंद पडलेलं दुकान होतं. गावात माणूस दिसलं नाही. वारा सुटला होता आणि कापलेल्या मक्याची पानं रस्त्यावरून सरपटत जात होती. हे गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून समोर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "लाइपझिग झालं." मला तिथे का कोण जाणे, लवकर निघावंसं वाटलं.

मुक्काम आम्ही मोटेलमध्ये करायचो. दुपारी चारच्या आत खोली गाठायची, असा यांचा नियम होता. संध्याकाळी थकवा येतो म्हणाले. मी भात लावायची. फोडणी दिली तर छताला लावलेला धुराचा भोंगा वाजेल म्हणून वरण तसंच, नुसतं तूप घालून. सकाळी टेबलावरचा टीव्ही सरकवून मी देव मांडायची. पूजा झाली की जप, आणि जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही, पाणीही घेत नाही. हा माझा नेम लग्नाआधीपासूनचा आहे. इतकी वर्षं याच वेळी यांची चुळबुळ सुरू व्हायची. "देव काय पळून चाललाय का, गाडीत कर की जप," असं म्हणायचे. या सहलीत मात्र हे किल्ली खिशात घालून पलंगाच्या कडेला शांत बसून राहायचे. एकदा मीच खुणेनं सुचवलं, निघू या, गाडीत करते. तर म्हणाले, "नको. होऊ दे तुझं. तुझं बोलणं सुरू झालं की निघू."

मी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला. म्हटलं, उशिरा का होईना, यांना गोडी लागली.

ब्रेमेनला जुना कालवा आहे. त्यातून बोटी वर चढवण्यासाठी बांधलेला दगडी हौद आहे. त्याच्या काठावर आम्ही उभे होतो. मी यांच्या डाव्या बाजूला, इतकी जवळ की माझ्या शालीचं टोक यांच्या कोटाला लागत होतं. हे पाण्याकडे बघत काहीतरी सांगत होते. मग थांबले. उजवीकडे बघितलं, मागे बघितलं आणि हाक मारली, "सुवर्णा? अगं, गेलीस कुठे?"

मी म्हटलं, "इथेच तर आहे."

यांनी सबंध मान वळवली तेव्हा मी यांना दिसले. चेहऱ्यावर आधी घाबरल्यासारखं काहीतरी होतं, मग हसू आलं. म्हणाले, "आवाज न करता उभी राहतेस. भूत आहेस का?" परत येताना पायरी चुकली. माझा हात धरला आणि बुटाच्या तळव्याला दोष दिला.

त्या दिवशी दुपारी दोनपदरी रस्त्यावरून जाताना समोरून ट्रक येत होता आणि आमची गाडी हळूहळू मधल्या पिवळ्या रेघेकडे सरकत होती. ट्रकनं लांबलचक भोंगा दिला. मी म्हटलं, "जरा इकडे घ्या." यांनी घेतली. ट्रक गेला, गाडी हलली. यांनी विचारलं, "कशाला एवढा वाजवत होता?" माझ्या मनात एक वाक्य तयार झालं होतं. ते मी तोंडापर्यंत येऊ दिलं नाही. गाडीलाही छप्पर असतं, दारं असतात. ती तथास्तु म्हणणार नाही कशावरून? मी डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात लावला आणि पुढची पाटी वाचली.

बर्लिनच्या बाजूला टेकड्या सुरू होतात. तिथे आमिश लोकांची वस्ती आहे. ही माणसं अजून वीज घेत नाहीत, मोटार चालवत नाहीत. काळ्या टपाच्या घोडागाडीतून जातात. त्यांच्या घरात जर्मनसारखी एक बोली चालते, म्हणून हे फार उत्सुक होते. एका चीजच्या दुकानात गल्ल्यावर पांढरी टोपी घातलेल्या म्हाताऱ्या बाई होत्या. हे त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलले. त्या काहीतरी वेगळंच बोलल्या, पण दोघांना एकमेकांचं थोडंफार कळलं. यांचा चेहरा असा फुलला की मला ते जिन्यात गुड मॉर्निंग म्हणणारे दिवस आठवले. मग बाईंनी दिलेली पिशवी घ्यायला यांनी हात पुढे केला आणि डाव्या कोपरानं चव बघायला ठेवलेल्या तुकड्यांची काचेची बशी खाली पाडली. बशी यांच्या कोपराला लागूनच होती.

मी खाली बसून काचा गोळा करायला लागले. बाईही वाकल्या. त्यांनी यांच्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. ती नजर मला आवडली नाही. ज्या माणसानं आपल्या घरात एखादं दुखणं पाहिलेलं असतं, ते माणूस दुसऱ्याकडे तसं बघतं. त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, आमचे रस्ते चढउताराचे आहेत, सावकाश जा. मी मान हलवली.

दुकानापासून मुक्कामाची जागा दहा मिनिटांवर होती. एका शेतघराच्या आवारातली खोली आम्ही घेतली होती. वाटेत एक चौक लागला. आम्हाला स्टॉप होता, आडव्या रस्त्याला नव्हता. मी वाचलं, "स्टॉप." हे थांबले. मी माझ्या बाजूला, उजवीकडे बघितलं आणि म्हटलं, "इकडून मोकळं आहे."

यांनी डावीकडे मान वळवली. नीट वळवली, मी पाहिलं. आणि म्हणाले, "डावीकडे मोकळं आहे."

गाडी पुढे निघाली. मी सहज यांच्या पलीकडे बघितलं, तर यांच्या खिडकीत घोड्याचं तोंड होतं. नुसतं तोंड, तपकिरी, ओलं, डोळ्यांना झापडं लावलेलं, इतकं मोठं की बाकी खिडकीत काही मावत नव्हतं. आणि हे शांतपणे समोर बघत होते. पाय ॲक्सिलरेटरवर.

मी "थांबा" म्हणाले की किंचाळले, मला आठवत नाही. यांनी ब्रेक दाबला. घोडा मागच्या पायांवर उठला आणि बाजूला वळला. काळी घोडागाडी कलंडली, तिचं एक चाक चरात गेलं आणि ती तशीच तिरकी थांबली. आतून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला. मग आणखी एका मुलाचा.

मी उतरून धावले. आत एक तरुण बाई होती, मांडीवर तान्हं मूल, आमच्या नातवाएवढं. शेजारी तीनेक वर्षांची मुलगी. कोणाला लागलं नव्हतं. बाईनं बाळाला इतकं घट्ट धरलं होतं की तिची बोटं पांढरी पडली होती. तिचा नवरा, कोवळ्या दाढीचा मुलगाच म्हणायचा, घोड्याच्या मानेला हात लावून त्याला शांत करत होता. मग तो यांच्याकडे आला. आवाज चढवला नाही. इंग्रजीत विचारलं, "तुम्ही सरळ माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडे बघत होतो. मग का निघालात?"

हे म्हणाले, "सॉरी. ऊन डोळ्यावर आलं."

तो तरुण वर आभाळाकडे बघायला लागला. सकाळपासून ढग होते. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मला त्याची नजर टाळायची होती पण टाळता आली नाही. त्यानं माझ्या उत्तराची थोडा वेळ वाट पाहिली, मग मान वळवली. आम्ही तिघांनी मिळून चाक चरातून बाहेर काढलं. पोलिसांना बोलवायचं का, असं मी विचारलं, तर त्यानं नको म्हटलं. जाताना एवढंच म्हणाला की या रस्त्यावर आमची मुलं शाळेतून चालत येतात.

खोलीत आल्यावर हे खुर्चीत बसून बुटांचे बंद सोडायला लागले. मी दार लावलं. बाहेर अजून उजेड होता.

मी विचारलं, "ऊन कुठे होतं?"

हे खाली बघूनच म्हणाले, "नव्हतं."

"मग?"

"घोडाही नव्हता. माझ्यापुरता नव्हता. रस्ता होता, कुंपण होतं, झाड होतं. सगळं जागच्या जागी होतं. घोडा तेवढा नव्हता."

हे बराच वेळ बोलले. काचबिंदू. डावीकडचं जवळजवळ गेलेलं आहे, उजवीकडचं कडेकडेनं जातं आहे. काळोख दिसत नाही, हीच त्यातली फसवणूक. जे दिसत नाही तिथे मन आपणहून रस्ता आणि कुंपण भरतं. गेलेलं परत येत नाही, थेंबांनी उरलेलं जरा टिकतं इतकंच. मी श्रूजबरीला होते तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की आजपासून गाडी चालवू नका. लायसन्स मात्र त्याआधीच घरबसल्या नवं होऊन आलं होतं.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगायला लागलो होतो. मार्चमध्ये मला संशय आला होता तेव्हा. मग तू परत आल्यावर एकदा. तू म्हणालीस, शुभ बोला." यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मग मला वाटायला लागलं, बरोबर आहे तुझं. तीस वर्षं ऐकतोय. बोललोच नाही तर कदाचित होणारही नाही. मी इंजिनिअर माणूस, पण तसं वाटायला लागलं खरं."

मी पलंगावर बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं. पण डोळ्यांसमोर सारखं ते घोड्याचं तोंड येत होतं.

यांनी बूट नीट जोडून ठेवले, हाताने चाचपून. मग उठून माझ्याजवळ आले आणि मला समजावून सांगायला लागले, कंपनीत एखादा बिघाड समजावून सांगायचे तसं. आजचं का झालं? तू उजवीकडचं सांगितलंस, डावीकडचं मी बघितलं. म्हणजे चूक कुठे झाली ते सापडलं. उद्या दोन्हीकडचं तू सांग. मला समोरचं चांगलं दिसतं. ड्रेस्डेन तासाभराच्या रस्त्यावर आहे. तेवढं करू आणि घरी जाऊ. घरी गेल्यावर ठेवून देतो किल्ली.

"आणि घोडा आला तर?"

"घोडाही सांग. सगळं सांग. इतके दिवस आलो ना तसे? तुला कळलं तरी का?"

खरं सांगते, क्षणभर मला ते पटलं. यांना नाही म्हणण्याची मला सवय नाही. आणि मी गाडी चालवते ती देवळापर्यंत आणि वाण्याच्या दुकानापर्यंत. हायवेच्या नावानं माझे हात गार पडतात. एक तासच तर आहे, असं मनात आलं. देवाचं नाव घेऊन बसू. मग त्या बाईची पांढरी पडलेली बोटं आठवली, आणि मला स्वतःच्या मनाची भीती वाटली. मी फोन घेऊन ईशानला लावला. यांच्यासमोरच.

मी म्हटलं, "ईशान, बाबांना दिसत नाहीये. काचबिंदू आहे. डोळे जाणार आहेत त्यांचे."

एवढी तीन वाक्यं. चार भिंतींच्या आत, दिवेलागणीच्या वेळेला.

तो म्हणाला, "आई, व्हॉट डू यू मीन? बाबा ड्राइव्ह करतायत ना?"

मी आजचं सगळं सांगितलं. तो विमानानं येतो म्हणाला. मी म्हटलं, बाळाला टाकून येऊ नकोस, मी आणते यांना. त्यानं विचारलं, "कॅन यू?" मी हो म्हटलं. त्यानं बाबांना फोन द्यायला सांगितलं. मी फोन पुढे केला. यांनी हात मांडीवरच ठेवले.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "आता मंडळातही सांग. गणपतीत स्टेजवरून अनाउन्स कर." मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. भात तसाच राहिला.

सकाळी मी स्नान करून देव मांडले. जपाला बसले तेव्हा माळ उजव्या हातात होती आणि गाडीची किल्ली डाव्या मुठीत. हे उठले, दाढी केली, कोट घातला, पिशव्या दाराशी नेऊन ठेवल्या. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. रोजच्यासारखे पलंगाच्या कडेला बसले नाहीत. हात पुढे केला.

"दे," म्हणाले.

माळ अर्धीही झाली नव्हती. मी मान हलवली. ती यांना दिसली की नाही, कोण जाणे. हे वाकले आणि माझी मूठ शोधायला लागले. आधी माझ्या गुडघ्यावर हात लागला, मग मनगटावर. बोटं एकेक करून उघडायला लागले, हळूच, लहान मुलाच्या हातातली वस्तू काढून घेतात तसं. यांच्या हातांना ताकद अजून आहे. दोन बोटं उघडली.

मी म्हटलं, "नाही."

यांचे हात थांबले. माझं मौन जप पुरा व्हायच्या आधी कधी मोडलेलं यांनी ऐकलं नव्हतं. मी तरी कुठे ऐकलं होतं. बाळंतपणात नाही, आई गेली त्या सकाळीही नाही.

"गाडी मी चालवणार," मी म्हटलं. "आजही आणि यापुढेही. तुम्हाला राग आला तरी."

हे सरळ उभे राहिले. थोडा वेळ माझ्या दिशेनं बघत होते, पण नजर माझ्या खांद्यावर कुठेतरी होती. मग बाहेर गेले. मी माळ खाली ठेवली, देव डब्यात घातले. बाहेर येऊन पाहिलं तर हे मागच्या सीटवर बसले होते. पुढचं दार उघडून मी म्हटलं, इथे बसा ना. हलले नाहीत. मी विचारलं, ड्रेस्डेनला नेऊ का, तासाभराचाच रस्ता आहे.

"दाखवून काय उपयोग," हे म्हणाले.

मी घराकडे निघाले. हायवेवर गेलेच नाही, गावागावांतून जाणारे रस्ते धरले. वेळ फार लागला. प्रत्येक चौकात मी डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची आणि पुन्हा डावीकडे बघायची. मागून हॉर्न वाजायचे. दुपारी एका पेट्रोलपंपावर मी यांना मेतकूट-भाताचा डबा दिला. यांनी चार घास खाल्ले आणि डबा बंद करून माझ्याकडे परत केला. आरशात मला यांची फक्त हनुवटी आणि कोटाची कॉलर दिसत होती. झोपलेत की जागे आहेत ते कळत नव्हतं. मी ईशानच्या बाळाबद्दल बोलले, थंडीबद्दल बोलले. मग माझ्याजवळचंही बोलणं संपलं.

मिशिगनची हद्द ओलांडली तेव्हा चार वाजत आले होते. ढग केव्हाच गेले होते. रस्ता सरळ होता आणि दोन्हीकडे कापलेली शेतं होती. त्यांवर ऊन असं पसरलं होतं की एकेक धाट वेगळं दिसत होतं. दूरच्या कोठाराचा पत्रा चमकत होता, त्याकडे बघवत नव्हतं.

मागून यांचा आवाज आला. सकाळनंतर पहिल्यांदाच. नेहमीचा आवाज, काळजीनं सूचना करतानाचा.

"सुवर्णा, हेडलाइट लाव. अंधार पडायला लागलाय."

मी आरशात बघितलं. उन्हाचा पट्टा यांच्या तोंडावर पडला होता, आणि डोळे उघडे होते.

मी हेडलाइट लावले.